भूमिदोषाची रुजुवात

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्या उमेदीची सारी वर्षे नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात काढली, आणि रोग्याची नाडी पाहण्यापूर्वी त्याच्या घराची मोरी पाहावयाची हा शिरस्ता शेवटपर्यंत मोडला नाही, हे येथे जमलेल्या जुन्या मंडळींना मी सांगावयास नको. विषयाची निवड व्यवस्थापकांनी माझ्यावर सोपविली तेव्हा घर आणि दुखणे यांच्या नात्यावरच बोलावे असे मनाने घेतले. मात्र त्या नात्याच्या ज्या अंगासंबंधी मी आज बोलणार आहे, ते डॉक्टरांच्या हयातीत आपल्याकडे फारसे कोणाच्या कानावर आलेले नव्हते.

घराखालच्या भूमीतून एक अदृश्य आणि अपायकारक शक्ती वर येत असते. भूगर्भातील जलप्रवाह, खडकातील भेगा किंवा खनिजांच्या शिरा यांच्या माथ्यावर ती विशेष तीव्र असते. तिच्या रेषेवर ज्याचे अंथरूण पडते त्याला आधी निद्रानाश, मग सांधेदुखी, मग रक्तदाब आणि अखेरीस कर्करोग जडतो. आणि ती रेषा हातात काड्या धरणाऱ्या जाणकारालाच तेवढी सापडते, असे हे मत थोडक्यात आहे. आपल्याकडचे वास्तुतज्ज्ञ त्याला ‘जिओपॅथिक स्ट्रेस’ म्हणतात, कोणी भूदोष म्हणतात, आणि सोसायटीच्या जिन्यात गाठ पडलेले शेजारी नुसतेच ‘खालून निगेटिव्ह येतंय’ असे म्हणून मोकळे होतात.

जाणकार घरी येतो तो प्रसंग पाहण्यासारखा असतो. चपला दाराशी काढून, पाणी नको म्हणून, तो पिशवीतून काटकोनात वाकविलेल्या दोन तांब्याच्या सळया काढतो. त्यांच्या आखूड बाजू रिकाम्या नळ्यांत सैल बसविलेल्या असतात, म्हणजे मुठी कितीही घट्ट आवळल्या तरी सळया आपल्या मनाने फिरू शकतील अशी तजवीज असते. मग बैठकीच्या खोलीतून तो संथ पावलांनी आत निघतो आणि घरातली सगळी माणसे श्वास रोखून त्याच्या मागे. झोपण्याच्या खोलीत पलंगाच्या उशाशी आल्यावर समांतर असलेल्या त्या सळया हळूच एकमेकींकडे वळतात आणि एकमेकींना छेदून थांबतात. “इथे कोण झोपतं?” “बाबा.” “त्यांना काही त्रास?” बाबांचे वय पंचाहत्तर; त्या वयात ज्याला काहीच त्रास नाही असा पुरुष शोधून काढणे हे रेषा शोधण्यापेक्षा अवघड काम आहे. खडूने फरशीवर रेघ पडते, पलंग हलविण्याचा हुकूम होतो, चार कोपऱ्यांत काही पट्ट्या, स्फटिक अथवा पिरॅमिड बसविण्याचा खर्च सांगितला जातो. हे सर्व पाचव्या मजल्यावर चाललेले असते, याची आठवण कोणालाही होत नाही. खाली पाच सिमेंटच्या लाद्या, चार बिऱ्हाडे आणि तळाशी मोटारींची जागा असताना ती शक्ती कोठेही न अडखळता नेमकी बाबांच्या उशीपर्यंत चढते, याबद्दल जाणकाराला विचारले तर तो सांगतो की, ती चढतेच. मजल्यांनी ती कमी होत नाही. हे उत्तर लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

ही विद्या आपल्या पूर्वजांची आहे असा समज सार्वत्रिक आहे, आणि तो अगदी निराधार आहे. तिचे जन्मगाव आणि जन्मतिथी दोन्ही दप्तरात नमूद आहेत. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात फिल्सबिबुर्ग म्हणून तेव्हा सुमारे तीन हजार वस्तीचे एक लहानसे नगर होते. तेथे १९२९ च्या जानेवारीत गुस्टाव्ह फॉन पोल नावाचे एक उमराव हातात पाणी शोधण्याची काडी घेऊन, नगरातील अंमलदारांना साक्षीला ठेवून, गल्लोगल्ली हिंडले आणि भूगर्भातील प्रबळ प्रवाहांच्या रेषा त्यांनी नकाशावर काढल्या. नंतर तो नकाशा आणि कर्करोगाने मृत झालेल्यांची सरकारी नोंद ही एकमेकांशी ताडून पाहिली तेव्हा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, मृतांपैकी प्रत्येकाचा, म्हणजे ५४ जणांचा पलंग अशा एखाद्या रेषेवर होता; एकही अपवाद नव्हता. प्रवाहाच्या जोराला त्यांनी शून्यापासून सोळापर्यंत अंश नेमून दिले होते आणि नवाच्या पुढे कर्करोगाचा प्रदेश सुरू होतो असे ठरविले होते. आक्षेप निघाले, तेव्हा पुढच्या वर्षी कर्करोगाचे प्रमाण कमी समजले जाणाऱ्या ग्राफेनाउ गावी त्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला आणि १९३२ मध्ये या सर्वाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आज मुंबई-पुण्यात जे भूदोषाचे शास्त्र सांगितले जाते, त्याचे आद्यपीठ हेच.

अंमलदार साक्षीला होते, पंचनामा झाला, नोंदी सरकारी होत्या. मग उणे काय, असे कोणीही विचारील. उणे आहे ते दुसऱ्या रकान्यात. रेषेवर निजून कर्करोगाने गेलेल्यांची यादी झाली; परंतु रेषेवर निजून ऐंशीव्या वर्षी वार्धक्याने गेलेले किती, रेषेवर निजून त्या दिवशीही सकाळी उठून बाजारात गेलेले किती, आणि मुळात त्या दाट वस्तीच्या नगरात एकही रेषा ज्यांच्या खालून जात नाही अशी घरे किती, हे रकाने भरल्यावाचून पहिल्या रकान्याला काडीचाही अर्थ येत नाही. नगरात रेषा पुरेशा दाट काढल्या, की मेलेला कोणीही रेषेवरच मेलेला असतो. जिवंत माणसांचीही तीच गत असते, परंतु त्यांची नोंद कोणी ताडून पाहत नाही.

रेषा दाट काढण्याचे काम पुढच्या पिढीने अधिक पद्धतशीरपणे केले. महायुद्धानंतर एबरबाख येथील डॉक्टर अर्न्स्ट हार्टमान यांनी असे प्रतिपादन केले की, या रेषा केवळ प्रवाहांवर नसून सर्व पृथ्वीवर त्यांची जाळी पसरलेली आहे. एका दिशेने दर दोन मीटरांवर आणि दुसऱ्या दिशेने दर अडीच मीटरांवर एकेक पट्टा असून पट्ट्याची रुंदी सुमारे २१ सेंटिमीटर आहे, आणि दोन पट्टे जेथे छेदतात ती गाठ विशेष घातक आहे. दुसरी एक तिरकी जाळी मान्फ्रेड करी यांच्या नावावर आहे. हे गृहस्थ वैद्यकाइतकेच शिडाच्या नौकांचे पंडित होते आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेतर्फे नौकास्पर्धेत उतरले होते. शिडावरच्या वाऱ्याविषयी त्यांनी जे लिहिले ते अनुभवाला उतरले, हे त्यांच्या लौकिकासाठी नमूद करून मी पुढे जातो.

हार्टमान यांच्या जाळीचा हिशेब मात्र आपण येथल्या येथे करून पाहू. दोन मीटरांतून पट्ट्याचे २१ सेंटिमीटर वजा केले म्हणजे दोन पट्ट्यांमधली निर्धोक जागा १७९ सेंटिमीटर उरते. आपल्याकडे दोघांचा पलंग सहा फूट रुंद व साडेसहा फूट लांब असतो, म्हणजे सुमारे १८३ व १९८ सेंटिमीटर. तो दिशांना धरून लावला असेल, आणि आपल्या खोल्यांत तो बहुधा तसाच लागतो, तर त्याची कोणतीही बाजू कोणत्याही दिशेला केली तरी निदान एक पट्टा त्याच्याखाली आल्यावाचून राहत नाही. आणि दुसऱ्या दिशेचे अंतर धरून हिशेब केला तर दहापैकी आठांहून अधिक वेळा एखादी गाठही पलंगाखाली सापडते. म्हणजे सळया घेऊन आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत जाण्याचा प्रसंगच येऊ नये, अशी सोय त्या जाळीतच करून ठेवलेली आहे. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत, एका भिंतीला कपाट आणि दुसरीला दार असताना, पलंग हलवून हलवून कोठे हलविणार, हा प्रश्न तर वेगळाच.

माझ्या परिचयातील एका घरी पतीच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर, नातेवाइकांच्या आग्रहास्तव, असा एक जाणकार येऊन गेला. त्याने रेघ काढली, गाठ दाखविली, पलंग आतल्या भिंतीशी सरकवून घेतला, आणि इतकी वर्षे हा पलंग येथे नसता तर, असे एक अर्धे वाक्य मागे ठेवून तो गेला. रोगी यथाकाल गेला. त्यानंतर कितीतरी वर्षे त्या बाई समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिल्या, “पलंग खिडकीशी लावायचा हट्ट माझाच हो. ह्यांना वाचायला उजेड लागायचा ना, म्हणून.”

आता त्या सळयांविषयी. त्या वळतात हे खरे, आणि वळविणारा बहुतेक वेळा लबाड नसतो हेही खरे. मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये आपला मित्र आम्पेअर याला लिहिलेल्या पत्रात या प्रकाराचा जो उलगडा केला, तो आजही जसाच्या तसा उभा आहे. पाऱ्यावर धरलेला लोलक आपल्या हातात झुलतो हे त्याने पाहिले. हाताला टेकू दिला तेव्हा झोका मंदावला. आणि डोळे बांधून घेऊन, पाऱ्यावर काचेचे तावदान केव्हा सरकविले व केव्हा काढले हे कळू दिले नाही, तेव्हा तो झोका पाऱ्याला विचारीनासा झाला. मनात उठलेली अपेक्षा स्नायूंत इतक्या सूक्ष्म रीतीने उतरते की, हालविणाऱ्यालाही आपण हालविले असे वाटत नाही. काटकोनी सळया किंचित पुढे झुकवून धरल्या की त्या अशा तोलावर असतात की मनगट केसभर कलले तरी पुरते. बाकीचे काम गुरुत्वाकर्षण करते.

पलंगाजवळची काडी आणि शेतातली काडी एकाच कुळातली असल्यामुळे येथे आपल्या पाणाड्याची आठवण येणे साहजिक आहे. बेचक्याची ओली फांदी दोन्ही हातांत ताणून धरणारा, किंवा तळहातावर आडवा ठेवलेला नारळ शेंडीकडून उभा राहिला की ‘इथं पाणी’ म्हणून टाच आपटणारा पाणाड्या ज्याने पाहिला नाही असा शेतकरी महाराष्ट्रात विरळा. त्या माणसाविषयी मला अनादर नाही. नाल्याचा उतार, बांधावरचे झाड, उन्हाळ्यातही टिकून राहिलेली हिरवळ, शेजारच्या विहिरीची पातळी, हे सर्व त्याच्या डोळ्यांनी आधीच टिपलेले असते, आणि नारळ उठतो तो या डोळ्यांच्या साक्षीवरून. कोरड्या गेलेल्या बोअरची आठवण मात्र गावात फार दिवस कोणी ठेवीत नाही. पण त्याच्या मनात भूगर्भाचे जे चित्र असते, की खाली नद्या वाहत आहेत आणि आपण त्यांच्या काठाचा माग काढीत आहोत, ते आपल्या मुलखापुरते तरी चुकीचे आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी असते ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत आणि घट्ट पाषाणाच्या चिरांत मुरलेले, ओलाव्यासारखे पसरलेले. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास उभी राहिलेली राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आजवर नद्यांचा नव्हे, तर या मुरलेल्या पाण्याच्या पातळीचाच हिशेब ठेवीत आली आहे. पाण्यावर घर असणे हाच दोष मानावयाचा तर मग निर्दोष घर म्हणून काही उरतच नाही.

काडीची परीक्षा झालीच नाही असे नव्हे. ती झाली, आणि नेमकी फॉन पोल यांच्याच बव्हेरियात. १९८७-८८ मध्ये जर्मन सरकारच्या खर्चाने म्यूनिकच्या दोन प्राध्यापकांनी, बेट्झ व क्योनिग यांनी, एका दुमजली कोठारात हा प्रयोग मांडला. तळमजल्यावर वाहत्या पाण्याची नळी असलेला गाडा, तो दहा मीटरांच्या सरळ रेषेत कोठेही सरकविता येई. वरच्या मजल्यावर काडीवाला, ज्याला नळी दिसत नाही. सुमारे ५०० जणांतून ४३ निवडले गेले आणि त्यांच्या एकंदर ८४३ परीक्षा झाल्या. प्रयोगकर्त्यांनी निकाल दिला की, बहुतेकांना काही साधले नाही, परंतु मोजक्या काही जणांचे कौशल्य निःसंशय सिद्ध झाले. हा निकाल कित्येक वर्षे भूदोषवाद्यांची सनद म्हणून फिरला. मग कॅलिफोर्नियातील जिम एनराइट या शरीरशास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा मांडून दाखविले की, ज्यांना निष्णात म्हटले तेही एका मालिकेत जमले तर दुसरीत चुकतात. आणि त्या निष्णातांऐवजी एखाद्याने प्रत्येक वेळी डोळे मिटून ‘नळी मधोमध आहे’ एवढेच म्हटले असते, तर निष्णातांचा त्याच्यावरचा वरचढपणा सरासरीने दहा मीटरांत चार मिलिमीटर भरला असता. नखाची जेमतेम अर्धी रुंदी!

क्योनिग यांच्या नावावरून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांचे गुरू विन्फ्रीड शूमान यांनी १९५२ मध्ये असे भाकीत केले होते की, पृथ्वीचा पृष्ठभाग आणि वातावरणातील आयनमंडल यांच्या पोकळीत विजांच्या लखलखाटामुळे सेकंदाला सुमारे आठ वेळा होणारे विद्युच्चुंबकीय कंपन सदैव चालू असले पाहिजे. आणि ते पुढे खरेच सापडले. हे अस्सल पदार्थविज्ञान आहे. पण या कंपनसंख्येचा ७.८३ हा आकडा आता भूदोषाच्या प्रत्येक पत्रकात दिसतो, आणि घराखालची रेषा हे कंपन बिघडविते म्हणून माणूस आजारी पडतो अशी मखलाशी त्याला जोडलेली असते. ज्या लाटेची लांबी अडतीस हजार किलोमीटरांच्या घरात, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या परिघाएवढी, ती लाट पलंगाची डावी कूस आणि उजवी कूस यांत भेद करते, असे म्हणणाऱ्याने निदान स्वतःशी तरी एकवार हसावे.

आपल्या शास्त्रग्रंथांचा दाखला देणाऱ्यांना उत्तर देणे प्राप्त आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत भूगर्भातील जल शोधण्यावर दकार्गल नावाचा एक पूर्ण अध्याय लिहिला आहे, आणि त्यात मनुष्यदेहातील शिरांप्रमाणे भूमीतही जलाच्या शिरा असतात असे म्हटले आहे. पण त्या अध्यायाचा हेतू पाणी सापडावे हा आहे; पाण्यावर निजणारा मरतो, असे त्यात म्हटलेले नाही. शिरा शोधण्याची त्याची साधनेही काडी-सळई नसून अमुक वृक्ष, अमुक दिशेचे वारूळ, अमुक खोलीवर लागणारी माती, अशी डोळ्यांनी पाहावयाची आहेत. वास्तुविद्येच्या अध्यायात भूमीची परीक्षा सांगितली आहे ती तर मला फार आवडते: हातभर खोल खड्डा खणावा, निघालेली माती त्यातच परत भरावी, माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. त्याच खड्ड्यात पाणी भरून शंभर पावले जाऊन परत यावे आणि पाणी उतरले की नाही ते पाहावे. पोकळ, भुसभुशीत, भराव टाकलेली जमीन ओळखण्याची ही सोपी आणि शहाणपणाची रीत आहे. कोणताही स्थापत्य अभियंता तिच्याकडे पाहून मान डोलावील. तिच्या शेजारीच, यजमानाच्या ज्या अंगाला खाज सुटेल त्या अंगाच्या जागी घराखाली हाडाचे अथवा कोळशाचे शल्य आहे असे समजावे, हाही विधी आहेच, आणि तो मी झाकून ठेवणार नाही. वराहमिहिराच्या काळी निरीक्षण आणि शकुन एकाच पोथीत नांदत होते. आजच्या जाणकाराने खड्डा टाकून दिला आणि खाज तेवढी उचलली, हे मात्र वराहमिहिराच्या माथी मारता येणार नाही.

जागेने माणूस आजारी पडतो ही कल्पना मुळात मूर्खपणाची आहे, असे माझे म्हणणे नाही. उलट आरोग्यशास्त्राचा निम्मा इतिहास या कल्पनेचाच आहे. एकोणिसाव्या शतकात म्यूनिकचेच माक्स फॉन पेटेनकोफर, पुन्हा बव्हेरियाच, हे जगन्मान्य आरोग्यपंडित असे मानीत की, पटकीचे जंतू एकटे काही करू शकत नाहीत. सच्छिद्र, घाण मुरलेली जमीन आणि तिच्यातील पाण्याच्या पातळीची चढउतार यांच्यावाचून साथ उठतच नाही. हे सिद्ध करण्यासाठी १८९२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी पटकीच्या जंतूंचे पाणी पिऊन टाकले आणि थोड्याशा पोटाच्या तक्रारीवर ते निभावले. सिद्धांत चुकीचा होता. परंतु त्या चुकीच्या सिद्धांताने म्यूनिक शहराला डोंगरातले स्वच्छ पाणी आणि गटारे दिली, आणि साथी हटल्या.

आपल्या नशिबी त्याच सिद्धांताची दुसरी बाजू आली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला, तेव्हा सरकारी अंमलदारांची समजूत अशी होती की, प्लेगचे विष जागेत मुरलेले आहे. शहराचा केरकचरा टाकून भरलेल्या जमिनी, ओल धरलेल्या चाळी, अंधारी बिऱ्हाडे, हे सर्व डोळ्यांसमोर होतेच. गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडले गेले. घरांची कौले काढून उन्हाला वाट दिली. जमिनी उकरल्या, भिंतींना चुना फासला. आणि ज्या चाळी माणसांनी राहण्यास अयोग्य ठरल्या, त्यांच्या दारांवर यू. एच. एच. ही तीन इंग्रजी अक्षरे रंगविली गेली. पुढल्या वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावर नेमलेल्या रँडसाहेबाच्या अमदानीत जे झाले ते आपणांस पाठ आहे. त्याच घरांच्या आढ्यांवरून उंदीर मरून पडत होते, आणि कित्येक गावांत लोक उंदीर पडू लागताच आपणहून रानात झोपड्या घालून राहावयास जात होते. ते वाचत. अंमलदारांना त्यात आपल्या सिद्धांताचा पुरावा दिसे: जागा सोडली, माणूस जगला. वस्तुतः त्यांनी जागा सोडली नव्हती, उंदीर सोडले होते. १८९८ मध्ये कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरची पिसू प्लेग पसरविते हे प्रयोगाने दाखविले, आणि १९०५ नंतरच्या प्लेग कमिशनच्या चौकशीने त्याच्यावर शिक्कामोर्तब झाले. त्याचप्रमाणे पलंग हलविल्यावर बरे वाटले असे शपथेवर सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. ते काय हलले एवढेच चुकीचे सांगतात. उशाशी येणारा वाऱ्याचा झोत, भिंतीची ओल, शेजाऱ्याचा पंप, गादीतली धूळ, कितीतरी गोष्टी पलंगाबरोबर हलतात.

भूमीतून खरोखरच काही घातक वर येते काय? येते. १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अग्रिकोलाच्या खाणविद्येवरील महाग्रंथात दोन गोष्टी आहेत. एके ठिकाणी तो धातू शोधणाऱ्या काडीचा विचार करतो आणि शहाण्या खाणकामगाराने तिच्या नादी लागू नये, भूमीची नैसर्गिक चिन्हे वाचावीत, असा फैसला देतो. दुसऱ्या ठिकाणी तो लिहितो की, कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या मुलखात सात सात नवरे करून सातही जणांना छातीच्या रोगात गमावलेल्या बायका आढळतात. काडीचा पंथ पुढे कोठे गेला ते आपण पाहिले. छातीच्या रोगाचा माग सॅक्सनीतील श्नेबर्गच्या खाणींत काढला गेला. १८७९ मध्ये हेर्टिंग व हेसे या दोन डॉक्टरांनी तेथील कामगारांचा ‘खाणरोग’ म्हणजे फुप्फुसाची घातक गाठ आहे असे दाखविले, आणि पुढल्या शतकात तिचे प्रमुख कारण ठरला तो रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू, जो खडकातील युरेनियमपासून उपजतो आणि जमिनीच्या भेगांतून थेट घरातही शिरतो. १९८८ पासून तो कर्करोगकारक म्हणून जागतिक यादीत आहे. धूम्रपानाच्या खालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण म्हणून त्याचीच गणना होते, आणि दर घनमीटर हवेत शंभर बेकरेल ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचविली आहे.

रेडॉनला काडी लागत नाही. एक लहानशी डबी काही महिने खोलीत ठेवली की तो मोजता येतो. आणि जाणकाराचे मघाचे उत्तर आता आठवावे: रेडॉन वरच्या मजल्यांवर कमी होत जातो, कारण तो खरा आहे आणि खऱ्या वस्तूला जिने चढावे लागतात. त्याचा उपायही स्फटिक नव्हे. जमिनीच्या भेगा बुजवाव्या लागतात, खोलीत वारा खेळवावा लागतो, आणि प्रमाण फार असेल तर लादीखाली नळी घालून पंख्याने वायू बाहेर ओढावा लागतो. काळ्या पाषाणात युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने कमी असते, म्हणून दख्खनच्या पठाराची भूमी या बाबतीत सौम्यच म्हणावी लागेल. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, तिच्यातील थोरियममुळे तेथला किरणोत्सर्ग सर्वसाधारण पातळीच्या कितीतरी पट आहे; तेथील सुमारे सत्तर हजार माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून २००९ मध्ये जो निष्कर्ष छापला गेला, त्यात त्या किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. येथे फॉन पोल यांनी रिकामे सोडलेले रकाने भरलेले होते: जगलेल्यांची नोंद होती, प्रत्येकाच्या घरातले मोजमाप होते, आणि निष्कर्ष भीतीच्या विरुद्ध गेला तरी तो दाबून ठेवला गेला नाही.

आमच्या महाराष्ट्रात भूमीचा दोष खरोखरी शोधावयाचा असेल तर तो पलंगाखाली नव्हे, हंड्यात पाहावा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड इतके आहे की, मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात आणि चाळिशीच्या आत माणसांचे गुडघे व पाठीचे कणे आखडतात. दर लिटरला दीड मिलिग्रॅम ही त्याची शेवटची मर्यादा. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, आणि तेथले लोक मूत्रपिंडाच्या दुखण्यांनी पिढ्यानुपिढ्या गांजलेले आहेत. तेथे सळया घेऊन कोणी जात नाही. त्या गावांत फी देणारे कोण? शहरातील ज्या सदनिकेत नगरपालिकेचे तपासलेले पाणी येते, तेथेच भूदोष सापडतो.

या सभागृहात विदर्भ-मराठवाड्याकडची मंडळी असतील तर त्यांच्यासाठी एवढेच सांगून मी रजा घेतो. भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाण्याचा नमुना तपासून मिळतो. हातपंप आधी पाच मिनिटे चालू द्यावा, म्हणजे नळात साठलेले पाणी निघून जाईल. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळून काठोकाठ भरावी. फ्लोराइडसाठी काचेची बाटली घेऊ नये. वर गावाचे नाव, गट नंबर, विहीर की बोअर, खोली ठाऊक असल्यास ती, आणि तारीख लिहावी. अहवाल आला की तो ग्रामसभेत वाचावयास लावावा आणि त्याची एक नक्कल आपल्याजवळ ठेवावी, कारण ग्रामपंचायतीच्या दप्तरातून असे कागद गहाळ होण्याचा दोष सर्वत्र सारखाच आढळतो.